क्रिएटिनीन ०.९, उंची ९५

लॅबच्या कागदावर तीन रकाने असतात: तपासणीचं नाव, आलेला आकडा आणि नॉर्मल मर्यादा. समजा, डाऊन सिंड्रोम असलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा कागद समोर आहे. क्रिएटिनीन ०.९. शेजारी छापलंय ०.६ ते १.२. आकडा ठळक नाही, बाण नाही, लाल शाई नाही. कागद घडी घालून पिशवीत जातो आणि ‘किडनी चांगली आहे’ हे वाक्य पुढची दोन वर्षं घरात फिरत राहतं.

ती मर्यादा मोठ्या माणसाची आहे. क्रिएटिनीन तयार होतं स्नायूंमध्ये, आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. सत्तर किलोच्या माणसाचे स्नायू जेवढं रक्तात सोडतात तेवढं तेरा किलोच्या पोराचे सोडतच नाहीत. म्हणून मुलांचा आकडा उंचीशी जोडून वाचायचा असतो. हिशोब साधा आहे: उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, ०.४१३ ने गुणा, क्रिएटिनीनने भागा. उंची ९५ असेल तर ९५ गुणिले ०.४१३ म्हणजे ३९.२. भागिले ०.९. उत्तर ४४ च्या आत. हा किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज. दोन वर्षांवरच्या मुलात हा आकडा ९० च्या वर असावा लागतो. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. कागदावर कुठेही बाण नसलेल्या या मुलाची किडनी निम्म्याहून कमी काम करते आहे.

आता त्याच उंचीला क्रिएटिनीन ०.४ धरा. उत्तर ९८. ०.५ धरा, उत्तर ७८. एका दशांशाने वीस अंकांचा फरक पडतो. म्हणून लॅबमध्ये एवढं विचाराच की क्रिएटिनीन एन्झायमॅटिक पद्धतीने करता की जुन्या जाफे पद्धतीने. जाफे पद्धत लहान मुलांच्या कमी आकड्यांत थोडं जास्त दाखवते, आणि वरचं सूत्र एन्झायमॅटिक आकड्यासाठी बांधलेलं आहे. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या.

या सूत्राला डाऊन सिंड्रोममध्ये दोन्ही बाजूंनी धक्के बसतात. स्नायू सैल आणि कमी असतील तर क्रिएटिनीन मुळातच कमी तयार होतं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली भासते. उलट थायरॉइड मंद असेल, आणि या मुलांमध्ये तो बऱ्याचदा असतो, तर क्रिएटिनीन वाढतं आणि थायरॉइडची गोळी लागू पडली की खालीही येतं. रक्त काढलं त्या दिवशी मुलाला जुलाब होत असतील तर तो आकडा त्या दिवसापुरताच. तेव्हा एका कागदावरून ना घाबरायचं, ना निर्धास्त व्हायचं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, सोबत करा, मूल बरं असताना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. तरी शंका राहिली तर सिस्टॅटिन सी ही तपासणी आहे. ती स्नायूंवर अवलंबून नसते, पण थायरॉइडने तीही हलते.

उंची मोजताना आळस नको. चप्पल काढून, टाचा आणि ढुंगण भिंतीला टेकवून, डोक्यावर वही सपाट धरून पेन्सिलने खूण करा. ही मुलं ढिली उभी राहतात, गुडघ्यात वाकतात, त्यामुळे दोघांनी मिळून मोजलेलं बरं. शाळेच्या कार्डावरची गेल्या वर्षीची उंची घालू नका.

डाऊन सिंड्रोमचं निदान झालं की पहिल्या महिन्यात हृदयाचा इको होतो, थायरॉइड होतो, पुढे कान, डोळे. हे बरोबरच आहे, कारण जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. किडनी त्या यादीत सहसा नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनातही किडनीची सोनोग्राफी सरसकट प्रत्येकाला सांगितलेली नाही. न्यूयॉर्क राज्याच्या जन्मदोष नोंदवहीतून १९९२ ते २००४ या काळात जन्मलेल्या ३,८३२ डाऊन मुलांची पाहणी झाली होती. त्यांच्यातल्या ३.२ टक्के मुलांना किडनी किंवा मूत्रमार्गाचा जन्मजात दोष होता; बाकीच्या मुलांत हे प्रमाण ०.७ टक्के. शंभरात तीन म्हणजे फार नाही, असं कुणी म्हणेल. पण सोनोग्राफीत किरण नाहीत, सुई नाही, भूल नाही आणि ती एकदाच करायची आहे. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक बाळाची पहिल्या वर्षात एकदा किडनी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी व्हावी.

दोष कसले असतात? किडनीत लघवी तुंबून ती फुगणं, जिला सोनोग्राफीवाले ‘सूज’ म्हणतात. एक किडनी नसणं. दोन्ही खाली जुळून घोड्याच्या नालेसारखी होणं. किडनी जागेवर नसणं. किडनीत गाठीगाठीसारख्या पाण्याच्या पिशव्या असणं. मुलग्यांमध्ये मूत्रनलिकेत जन्मतः पडदा असणं. याशिवाय कशातच न मोडणारी एक गोष्ट म्हणजे किडनी आकाराने लहान असणं. अशा किडनीत गाळण्या कमी, काही अर्धवट वाढलेल्या. त्या वर्षानुवर्षं जास्तीचं काम ओढतात आणि मग दहाव्या-पंधराव्या वर्षी दमू शकतात.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत ‘सूज’ दिसली असेल तर बाळ जन्मल्यावर पहिल्याच दिवशी सोनोग्राफी करून ‘सगळं ठीक’ म्हणू नये. पहिले दोन दिवस बाळाला लघवी कमी होते, त्यामुळे खरी सूजही दिसत नाही. तिसऱ्या दिवसानंतर एकदा आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी एकदा करायची. अपवाद एकच. मुलगा असून धार नीट नसेल, मूत्राशय फुगलेलं हाताला लागत असेल किंवा दोन्ही किडन्या फुगल्या असतील, तर थांबायचं नाही.

सोनोग्राफीचा कागद हातात आला की त्यात चार गोष्टी आहेत का ते बघा: दोन्ही किडन्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये, मूत्राशयाच्या भिंतीची जाडी, लघवीच्या नळ्या फुगलेल्या आहेत का, आणि मूल शू करून आल्यावर मूत्राशयात किती उरलं. चौथी गोष्ट बहुतेक कागदांवर नसते, कारण मूल हट्ट करतं, रांग मोठी असते आणि डॉक्टर म्हणतात, राहू दे. राहू देऊ नका. किडनीच्या लांबीसाठी ढोबळ हिशोब असा: एक वर्षानंतर वयाला ०.२२ ने गुणून त्यात ६.८ मिळवा. पाच वर्षांच्या मुलाची किडनी ७.९ सेंटिमीटरच्या आसपास यावी. डाऊनचं मूल बुटकं असतं, म्हणून वयापेक्षा उंचीच्या तक्त्याशी ताडून पाहणं जास्त रास्त. दोन्ही किडन्यांत एक सेंटिमीटरहून जास्त तफावत असेल तर मात्र विचारायचं.

आता मुख्य अडचण. ‘डाऊन आहे म्हणून’ या तीन शब्दांखाली किडनीची जवळजवळ सगळी लक्षणं झाकली जातात. उंची वाढत नाही? डाऊन आहे. फिकट दिसतो, दमतो? हृदय. जेवत नाही? ही मुलं तशीच. सहाव्या वर्षीही चड्डी ओली? शेजारची आजी म्हणते, ‘त्येका काय कळता?’ आणि विषय संपतो. यातलं प्रत्येक कारण खरंही असू शकतं, म्हणूनच ते सहज पटतं.

सर्वांत फसवी गोष्ट डोळ्यांची सूज. या मुलांच्या डोळ्यांची ठेवणच वेगळी, वरच्या पापणीला आतल्या कोपऱ्यात घडी. सकाळी पापण्या सुजल्या तरी घरच्यांना त्यात काही नवं वाटत नाही. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली की पहिली सूज तिथेच येते, आणि दुपारपर्यंत ती ओसरून पायांत उतरते, म्हणून ओपीडीच्या वेळेला चेहरा नेहमीसारखाच असतो. सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर समोरून एक फोटो काढा आणि महिन्याभरापूर्वीच्या फोटोशेजारी ठेवा. संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ किती खोल उमटतो ते पाहा. घरी वजनकाटा असेल तर रोज सकाळी, शू झाल्यावर, त्याच कपड्यांत वजन. चार दिवसांत एक किलो वाढलं तर ते अन्नाचं नसतं.

घरी तपासायला लघवीच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. सकाळच्या पहिल्या शूमध्ये बुडवून लगेच काढायची, कड भांड्यावर पुसायची, डबीवर सांगितलेल्या वेळेला, प्रथिनांसाठी साधारण ६० सेकंदांनी, रंग जुळवायचा. पाच मिनिटांनी बघितलेला रंग काही कामाचा नाही. एक प्लस म्हणजे अंदाजे ३० मिलिग्रॅम, दोन म्हणजे १००, तीन म्हणजे ३००. आपल्याकडे कोकणात या पट्ट्यांचा खरा शत्रू आहे दमट हवा. जूनमध्ये मिठाला पाणी सुटतं त्याच स्वयंपाकघरात ही डबी उघडी राहिली तर आठवड्यात पट्टीचा कोरा रंगच बदललेला असतो. डबीतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका, झाकण क्षणभरासाठीच उघडा, कात्रीने पट्ट्या उभ्या चिरून ‘काटकसर’ करू नका. पट्टी दोनदा पॉझिटिव्ह आली तर लॅबमध्ये सकाळच्या लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनीन यांचं गुणोत्तर काढायचं. दोन वर्षांवर ०.२ च्या आत हवं. दोनच्या वर गेलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, नमुना हा वेगळाच उद्योग. चिकटवायची प्लास्टिकची पिशवी सोपी वाटते, पण त्वचेवरचे जंतू तिच्यात उतरतात आणि नको ते अँटिबायोटिक सुरू होतं. पिशवीत जंतू आले नाहीत तर संसर्ग नाही एवढंच ठरतं. आले तर काहीच ठरत नाही. बाळासाठी धारेतला नमुना घ्या. दूध पाजून वीस-पंचवीस मिनिटं थांबा. जागा साध्या पाण्याने धुऊन पुसा. एकाने बाळाला धरायचं, दुसऱ्याने थंड पाण्यात भिजवलेला कापूस बेंबीच्या खाली, मूत्राशयाच्या जागी गोल गोल फिरवायचा, तिसऱ्याने उघडी डबी घेऊन तयार राहायचं. बऱ्याचदा पाच मिनिटांत धार येते. पहिले थेंब सोडून मधली धार डबीत. डबीच्या आत बोट जाऊ द्यायचं नाही, हे तिसऱ्या माणसाला आधी बजावून ठेवा.

आणि मग लॅब गाठायची. वाडीतून निघून एसटीने चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडी गाठेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. उन्हाळ्यात तेवढ्या वेळात डबीतले जंतू भराभर वाढतात आणि कागदावर ‘एक लाखाहून जास्त’ असं येऊ शकतं. नमुना तासाभरात पोचणार नसेल तर डबी लगेच फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. निघताना बर्फाचे तुकडे टाकलेल्या थर्मासमध्ये डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. अशी थंड ठेवली तर २४ तास टिकते. डबीवर नावासोबत नमुना घेतल्याची वेळ लिहा. कल्चरचा नमुना आधी, अँटिबायोटिकचा पहिला डोस नंतर. हा क्रम चुकला की आठवडाभर अंदाजाने औषध चालतं.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सर्दी-खोकला काही नसताना ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर लघवी तपासल्याशिवाय ‘व्हायरल’ म्हणू नये. ज्या मुलग्यांचं वृषण खाली उतरलेलं नाही किंवा शूचं छिद्र टोकाला नाही, त्यांच्यात तर नाहीच.

मुलग्याची धार उभं राहून बघावी लागते, विचारून कळत नाही. न्हाणीघरात उघडा करून उभा करा. धार सुरू व्हायला वेळ लागतो का, पोटाला जोर देतो का, धार पुढे पडते की पायावर ओघळते, मध्येच तुटते का, संपल्यावर थेंब थेंब चालू राहतात का. मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, मग तो काढून टाका. मूत्रनलिकेतला पडदा असेल तर दुर्बिणीतून तो कापता येतो, आणि जितका लवकर कापला तितकी किडनी वाचते.

पडदाबिडदा काही नसतानाही मूत्राशय बिघडतं, आणि डाऊनमध्ये हे बरंच घडतं. मूल शू दाबून धरतं, उड्या मारतं, मांड्या आवळतं, टाचेवर बसतं. पिशवी ताणत ताणत सैल होते किंवा जाड होते, पूर्ण रिकामी होत नाही, आणि वरचा दाब किडनीवर जातो. मूत्राशयात किती मावायला हवं? वयात एक मिळवा आणि तिसाने गुणा: सहा वर्षांच्या मुलाचं २१० मिलिलिटर. शू झाल्यावर २० मिलिलिटरहून जास्त वारंवार उरत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. दोन दिवस मोजून बघा. माप घातलेला मग किंवा भाजीचा डिजिटल काटा पुरे. डायपर असेल तर ओला आणि कोरा यांच्या वजनातला फरक. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. बारा किलोच्या मुलाला दिवसाला निदान २९० मिलिलिटर तरी शू व्हावी. याच्या निम्म्यावर आली तर थांबायचं नाही.

उपाय कंटाळवाणे आहेत आणि लागू पडतात. दर दोन-अडीच तासांनी, आली असो नसो, शूला बसवणं. पाय लोंबकळू न देणं: कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा विटा, कारण पाय टेकले नाहीत तर खालचे स्नायू सुटत नाहीत. शू झाली की दोन मिनिटं थांबून परत एकदा. आणि सगळ्यात आधी बद्धकोष्ठता. भरलेलं आतडं मूत्राशयाला मागून दाबतं. आठवड्यातून तीनदाच, खडे खडे शौच होत असेल तर मूत्राशयाचं कुठलंही औषध अर्धवटच चालणार. इथे पुन्हा थायरॉइड बघायचा.

एक धोक्याची खूण मात्र वेगळी ठेवा. दोन वर्षं कोरडं राहिलेलं मूल अचानक चड्डीत शू किंवा शी करू लागलं, सोबत चालताना अडखळतं, पाय ओढतं, मान वाकडी धरतं किंवा मान दुखते म्हणतं, तर हे किडनीचं किंवा हट्टाचं नसून मानेचं असू शकतं. डाऊनमध्ये काही मुलांचे मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, ते सरकले की मज्जारज्जू दबतो. अशा मुलाला उड्या, कोलांट्या बंद, मान न हलवता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल.

बीपी. तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा आणि किडनीचा दोष माहीत असेल तर प्रत्येक भेटीला. इथे घोळ असतो पट्ट्याचा. पट्ट्याच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के हवी. दंड १६ सेंटिमीटर असेल तर साडेसहा सेंटिमीटर. प्राथमिक आरोग्य केंद्रात बऱ्याचदा मोठ्यांचाच पट्टा हाताशी असतो. तो लहान दंडावर गुंडाळला तर बीपी खोटं कमी येतं, आणि कमी आलं म्हणून सगळे खूश. उलट लहान पट्टा जास्त दाखवतो. हृदयाचा शंट (रक्ताला दुसरी वाट काढून देणारं ऑपरेशन) झाला असेल तर कुठल्या हातावर घ्यायचं ते सर्जनच्या कागदावरून ठरवा. झोपेत घोरून श्वास अडकत असेल तर त्यानेही बीपी वाढतं.

युरिक ॲसिडचा कागद पालकांना घाबरवतो. डाऊनमध्ये ते थोडं जास्त असणं नेहमीचं आहे, सांधे न दुखता त्यासाठी गोळी सहसा लागत नाही. पण ते एकटं वाचू नका. क्रिएटिनीनही वर असेल तर किडनी ते बाहेर टाकत नाही असा अर्थ. अचानक खूप वाढलं, सोबत फिकटपणा, अंगावर निळे डाग, ताप असेल तर रक्ताची पूर्ण तपासणी लगेच, कारण या मुलांत ल्युकेमियाचं प्रमाण जास्त असतं.

आता आपल्या ताटाकडे येऊ. ‘किडनी म्हणजे मीठ बंद, पाणी बेताचं’ हा सल्ला गावात कुणीही देतं. मोठ्यांच्या मधुमेहातल्या किडनीसाठी त्यात तथ्य आहे. जन्मतः अर्धवट वाढलेल्या किडनीचं उलट असू शकतं: ती पाणी आणि मीठ धरून ठेवू शकत नाही. असं मूल रात्री उठून तांब्या तोंडाला लावतं, शू पांढरी स्वच्छ आणि भरपूर, वजन वाढत नाही. त्याचं पाणी तोडलं तर किडनी आणखी सुकते, मीठ तोडलं तर वाढ थांबते. बीपी वाढलंय, अंगावर सूज आहे, लघवी कमी आहे, अशा मुलाचं मीठ कमी करायचं. आपलं मूल या दोन्हींतलं कोणतं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

कमी करायचं ठरलं तर पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एकूण तीन ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं. आपल्याकडे मीठ भाजीत कमी आणि बाजूला जास्त असतं: सुकट, खारा बांगडा, पेजेबरोबरचं लोणचं, सांडगे, पापड, खारवलेल्या कैऱ्या. सुकं मासळं दोनदा पाण्यात भिजवून पाणी टाकलं तरी मीठ पुरतं जात नाही. त्यापेक्षा ताजा मासा, त्याला आमसूल आणि तिरफळ. मीठ कमी पडलेलं फारसं कळत नाही.

शहाळ्याचं पाणी इथे प्रत्येक आजाराचं औषध समजलं जातं. त्यात दर १०० मिलिलिटरला २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी चांगली असेल तर काही नाही. पोटॅशियम आधीच वर असलेल्या मुलाला एक मोठं शहाळं हृदयाचा ठोका चुकवू शकतं. फणसाच्या गऱ्यांतही १०० ग्रॅममागे साडेचारशेच्या घरात, केळ्यात साडेतीनशे, आंब्यात मात्र पावणेदोनशेच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात आंब्याची एखादी फोड परवडेल, गऱ्यांची परात नाही. पोटॅशियम नॉर्मल असेल तर यातलं काहीच बंद करायचं नाही. उगाच उपास घडवू नका. दोन फळं मात्र किडनीचा आजार असलेल्या मुलाला अजिबात नकोत: करमल, ज्याचे काप चांदणीसारखे दिसतात, आणि बिंबलं. दोन्हींत ऑक्झलेट भरपूर. बिंबल्यांचा रस पिऊन चांगल्या माणसांच्या किडन्या बंद पडल्याची उदाहरणं केरळात नोंदली आहेत.

पावसाळ्यात दोन गोष्टी. लावणीच्या दिवसांत मळ्यातल्या चिखलात अनवाणी खेळणाऱ्या मुलाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, शू कमी असं काही दिसलं तर लेप्टोचा विचार पहिल्याच दिवशी व्हावा. ही मुलं दुखतंय हे नेमकं सांगत नाहीत. पोटरी दाबल्यावर पाय ओढून घेतो का ते बघा. दुसरी गोष्ट जुलाब. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेल्यात कालवून दिली की क्षार इतके होतात की मूल आणखी सुकतं. दर जुलाबामागे दोन वर्षांखाली ५० ते १०० मिलिलिटर, वर १०० ते २००, चमच्या-चमच्याने.

हृदयासाठी फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं) किंवा एनालाप्रिल (बीपी उतरवणारं) चालू असेल तर जुलाब-उलट्यांच्या दिवशी ते चालू ठेवायचं की थांबवायचं हे आधीच, मूल बरं असताना, हृदयाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. रात्री अकरा वाजता फोन लागत नाही. त्यात तापासाठी आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड दिलं तर अंगात पाणी नाही, किडनीकडे जाणारं रक्त कमी आणि वर तापाच्या या औषधांनी तिच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या अशी गत होते. तापाला पॅरासिटामॉल, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तास. बारा किलोला १८० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलिलिटरला १२० लिहिलं असेल तर साडेसात मिलिलिटर, २५० लिहिलं असेल तर ३.६. घरात दोन्ही बाटल्या असतील तर एक टाकून द्या. भस्म असलेली, लेबल नसलेली ‘ताकदीची’ पुडी कुणीही आणून दिली तरी नको.

दाखवायचं कुठे? जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून सुरुवात करा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोम आहे, अंगणवाडी-शाळेतली तपासणी पथकं तिथे पाठवू शकतात. मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांसाठी मात्र बहुधा मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातली बांबोळी गाठावी लागते, आणि घाट उतरून-चढून गेल्यावर ‘सोनोग्राफी रिकाम्या मूत्राशयाची आहे, परत करा’ हे ऐकणं फार महाग पडतं. जाताना मूळ कागद, सोनोग्राफीच्या फिल्म, इकोचा रिपोर्ट, दोन दिवसांची शूची नोंद आणि चालू औषधांच्या प्रत्यक्ष बाटल्या. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढलेलं असेल तर पुढचं सोपं जातं.

आजार पुढे गेलेला असेल तर एक वाक्य कानावर पडू शकतं: ‘अशा मुलाला डायलिसिस, ट्रान्सप्लांट कशाला?’ डाऊन सिंड्रोम हे नकाराचं वैद्यकीय कारण नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर किडनी प्रत्यारोपण झालेलं आहे आणि ती किडनी चालते. पोटातून होणारं डायलिसिस घरी करता येतं, दिवसाला तीन-चार वेळा पाणी बदलून. त्याला स्वच्छ, पंखा बंद असलेली खोली आणि हात नीट धुणारा एक माणूस लागतो, रोज साठ किलोमीटरचा प्रवास लागत नाही. हृदय, मान आणि श्वास यांची तपासणी आधी लागते, कारण भूल द्यायची असते. कुणी नाही म्हटलं तर कारण लेखी मागा, आणि तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. फाइलच्या पहिल्या पानावर तोवर एक तक्ता आखून ठेवा: तारीख, उंची, क्रिएटिनीन, टीएसएच, बीपी, लघवीतलं प्रथिन. उंचीचा रकाना क्रिएटिनीनच्या अगदी शेजारी.